नाव माझं, बैल तुझाच

नांदूरघाट, ता. केज
२९ जून

आरोहीबाई,

पोचलात का लातूरला? पोचलीच आसशील. मला सांगून गेली आसतीस तर मी काय एसटीपुढं आडवी पडनार न्हवते. आठवीपासून आपलं ठरलंतं, जायचं तर दोघींनी, न्हाईतर दोघींनी हितंच अकरावी करायची. अन् मला कळलं कुठं? पिठाच्या गिरनीत! तुळजाबाई म्हनल्या, "तुझी जोडीदारीन गेली की गं लातूरला, डाक्टर व्हायला." मी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन तशीच उभी. कावून न्हाई सांगितलंस?

लई राग हाय माझा. पन तुझा पत्ता तुमच्या घरी जाऊन छबुकाकूकडून मागून घेतला, त्यावरून वळख कितपत हाय ते. काकू म्हनली, होस्टेलात मोबाईल चालत न्हाई, पत्र चालतं. माझ्याकडं तरी कुठं मोबाईल हाय. आमच्या घरात एकच होता, त्यो पप्पूदादानं पुण्याला नेला त्यो नेलाच.

हितलं ऐक. बैलजोडी सध्या तुमच्या गोठ्यात हाय, पेरनी तुमची आधी. तुमच्या कंधाऱ्याला अन् आमच्या हरण्याला एका जुवाखाली बघितलं की आजून बी गावातले थांबून बघतात. हरण्या मात्र आमच्या बांधावर आला की मान वळवून माझ्याकडं बघतो. आई मेलेलं वासरू बाटलीनं वाढवलंय मी, बघनारच.

आता कामाचं. आमच्या कालिजात केमिस्ट्रीचे सर आजून आलेच न्हाईत. तू जे शिकशील ते मला लिवून पाठव. एवढं केलंस तर माफ करीन. न्हाई केलंस तर गिरनीतली गोष्ट जल्मभर काढीन.

तुझी (आजून तरी)
तेजश्री

*

लातूर
१३ जुलै

प्रिय तेजू,

तुझं पत्र मेसमध्ये मिळालं. सगळ्या मुली बघत असताना मी हसतही होते आणि डोळेही पुसत होते. तुला सांगायचं होतं गं. पण बाबा म्हणाले, "जागा पक्की होईस्तोवर कुणाला बोलू नको, तानाजीच्या घरी, तेजूला तर न्हाईच. त्याला वाईट वाटंल." मला वाटलं, एकदा पोचले की लिहीन. चुकलंच माझं.

आता शिक्षा म्हणून धडा घे. आम्हाला सध्या सहसंयुज बंध चालू आहे.

हायड्रोजनचा अणू घे. त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन. बाहेरच्या कवचात दोन असले की तो स्थिर. एक कमी पडतो. दुसऱ्या हायड्रोजनचीही तीच अडचण. मग दोघं आपला एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात आणि ती जोडी दोघांची होते. कुणी कुणाला देऊन टाकत नाही, कुणी कुणाचा घेत नाही. मिठात तसं नसतं, तिथे सोडियम आपला इलेक्ट्रॉन सरळ क्लोरीनला देऊन टाकतो. इथे भागीदारी आहे. ऑक्सिजनला दोन कमी असतात, म्हणून दोन ऑक्सिजन दोन जोड्या वाटून घेतात. नायट्रोजनला तीन कमी, म्हणून तीन जोड्या. तो बंध इतका घट्ट की हवेतला नायट्रोजन सहजासहजी कशातच मिसळत नाही.

समजलं का? नसेल समजलं तर विचार. इथे कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्येकजण वही हाताने झाकून बसतो.

तुझी
आरोही

*

नांदूरघाट
२७ जुलै

आरू,

समजलं का म्हनतीस? अगं बये, हे तर आपल्या घरचंच हाय! सरांना सांग, नांदूरघाटला याला सावड म्हनतात.

बघ. गहिनीनाथकाकाकडं एक बैल, आमच्या दादांकडं एक. एका बैलानं ना कुळवता येतं ना पेरता येतं. मग तुमचा एक अन् आमचा एक एका जुवाखाली. बैल देऊन टाकला न्हाई, घेतला बी न्हाई. पन दोन्ही घरं म्हनतात, "आमची जोडी." तुझे दोन हायड्रोजन म्हंजे तुझा बाप अन् माझा बाप. मी आईला सांगितलं तर ती म्हनली, "मग एवढं लांब जाऊन काय शिकती ती पोरगी?"

अन् गंमत आठवती का, जनावरं मोजायला मानूस आलता त्यानं तुमच्याकडं बी दोन बैल लिवले अन् आमच्याकडं बी दोन? हरिबाआण्णा म्हनले, "कागदावर चार बैल अन् दावनीला दोनच." तुझ्या पुस्तकात तसंच हाय की. जोडी ह्याच्यात बी मोजायची, त्याच्यात बी मोजायची. मग खरे किती? दोनच ना?

माझी एक शंका हाय. आपल्यात चार दिस तुमची पाळी, चार दिस आमची. इलेक्ट्रॉनांची पाळी कोन ठरवतं? अन् एकानं पाळी मोडली तर? आपल्यात तर दंडक हाय, सावडीतला बैल विकायचा तर पाडव्याला, अन् ते बी आधी जोडीदाराला विचारून. अणूंना कोन धाक घालतं?

पेरनी झाली आमची. दादा खुशीत हायेत. तुझ्या त्या वही झाकनाऱ्या पोरींना माझा नमस्कार न्हाई.

तेजू

*

लातूर
१७ ऑगस्ट

प्रिय तेजू,

सावड मी वर्गात सांगितली! सर म्हणाले, "उत्तम उदाहरण." मी तुझं नाव सांगणार होते, तेवढ्यात तास संपला.

पण दोन ठिकाणी तू चुकलीस. एक, पाळी नसते. जोडी आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे असं नाही. ती एकाच वेळी दोघांच्या मधे असते, दोन्ही केंद्रकं तिला एकदम ओढत असतात. आणि दोन, धाक कुणी घालत नाही. अणूंना वचन, दंडक, इच्छा काही नसतं. एकत्र असताना त्यांची ऊर्जा कमी असते, म्हणून ते एकत्र राहतात. एवढंच. बंध तुटला की ती ऊर्जा बाहेर पडते.

आणि सगळीकडे वाटणी सारखी नसते. हायड्रोजन आणि क्लोरीन घे. जोडी दोघांचीच, पण क्लोरीनची ओढ जास्त, त्यामुळे ती त्याच्या बाजूला सरकलेली असते. तोच रेणू पाण्यात टाकला की क्लोरीन जोडी घेऊनच निघून जातो, आणि हायड्रोजन उघडा पडतो.

परवा बाबा आले होते, आईने दिलेले धपाटे घेऊन. आम्ही गेटजवळ बराच वेळ बसलो. बाबा थकलेत गं. इथलं सगळं फार महाग आहे.

बरं, सहज आठवलं. हरण्याच्या कानातला तो सरकारी पिवळा बिल्ला अजून आहे का? दोन्ही बैलांचे बिल्ले बाबांच्याच नावावर लागले होते ना? तानाजीकाकांनी नंतर बदलून घेतलं का?

पोळ्याला हरण्याच्या शिंगांना माझ्या वाटणीचा रंग लाव.

आरोही

*

नांदूरघाट
२५ ऑगस्ट

आरू,

पोळा झाला. हरण्याच्या शिंगाला तुझ्या वाटनीचा हिरवा लावला, माझ्या वाटनीचा गुलाबी. दिसत होता एखाद्या नवरदेवावानी. खांदेमळनीला दादांनी बैलांच्या खांद्यांना लोनी लावलं, गहिनीनाथकाकांनी हळद. दोघांनी मिळून जोडी मारुतीला नेली. काकांनी मात्र कशीबशी पुरनपोळी खाल्ली अन् लगेच उठले. काकूला विचारलं तर म्हनली, "पोरीची काळजी करत्यात." 

बिल्ल्याचं कावून विचारलंस? इसरलीस काय? तूच तर मला हासत हासत सांगितलंतंस. त्या दिवशी मी केजला मामाकडं गेलते. बिल्ले मारनारा आला तवा जोडी तुमच्या गोठ्यात होती. त्यानं मालकाचा मोबाईल नंबर मागितला. आमचा मोबाईल पुण्याला. तवा काका दादांना म्हनले, "तानाजी, नाव माझं लावतो, बैल तुझाच." दादा म्हनले, "लाव की, सावडीत काय तुझं अन् माझं." तू हरण्याची येसन धरून उभी होतीस, अन् हरण्यानं कान झटकला तर तुझ्या तोंडावर रगत उडालंतं. सगळं तूच सांगितलंस अन् आता मलाच विचारतीस. लातूरचं पानी लई जड दिसतंय.

बदलून कशाला घेतील दादा. कुनाचा बैल ते साऱ्या गावाला ठावं हाय.

तो क्लोरीन मला पटला न्हाई बघ. जोडी घेऊन निघून जातो म्हंजे काय? मग ती भागीदारी कसली?

सर आले एकदाचे. त्यांचं काई कळत न्हाई, तुझंच कळतं. लिवत जा.

तेजू

*

नांदूरघाट
४ सप्टेंबर

आरोही,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. रामहरीमामा टेम्पो घेऊन लातूरला भाजी टाकायला निघालाय, त्याच्या हाती देते. तिथंच उभं राहून वाच अन् त्याच्याच हाती उत्तर दे.

बैल न्हाईत. दोन्ही बी.

परवा आमची पाळी सुरू होनार होती. दादा जोडी आनायला गेले तर गोठा मोकळा. काका म्हनले, डाक्टरकडं नेलेत. दुसऱ्या दिवशी रामहरीमामा सिरसाळ्याच्या बाजारातून आला अन् दारातूनच वरडला, "तानाजी, तुझा हरण्या बाजारात इकला की रे!" मामानं डोळ्यानं बघितलं. काका तिथं उभे होते, दोन्ही बैलांच्या शिंगाला पोळ्याचा रंग होता.

दादा आधी हासले. त्यांना खरंच वाटंना. मग काकाकडं गेले. काका काय म्हनले ठावं हाय का? म्हनले, "हरण्या तू मला देऊन टाकलास. न्हाईतर बिल्ला माझ्या नावावर लावू दिला आसतास का?" दादा म्हनले, "गहिन्या, आरं तूच म्हनलास ना बे, नाव माझं, बैल तुझाच?" काका म्हनले, "मी आसं कधीच बोललो न्हाई." बांधाला बांध लावून राहिलेली मानसं गं!

यापारी भला हाय. मामाला म्हनला, पुढच्या बाजारापस्तोर बैल ठेवतो, तुमच्या गावानं एकमुखानं सांगितलं तर हरण्या घेऊन जा. परवा पारावर बैठक हाय. निवाडा करनारे हरिबाआण्णा म्हनतात, बोलनं झालं तवा तिथं कोन होतं? दोन बापं अन् तू. दोन बापं दोन सांगतात. मग राहिली तू.

आरू, मी तुला बापाइरुद्ध बोल म्हनत न्हाई. काकाला चोर म्हनू नको. आमाला दुसरं काई नको. फकस्त जे ऐकलंस ते सांग. चार शब्द हायेत. तुझ्या चार शब्दांवर माझा हरण्या घरी येतो.

येता येतंय का ते बघ. न्हाई आलं तर हरिबाआण्णा तुमच्या होस्टेलच्या मॅडमच्या फोनवर फोन लावतील.

तेजू

*

लातूर
४ सप्टेंबर

तेजू,

मामा गेटवर थांबलेत, घाईत लिहिते. मला धक्काच बसला. बाबांनी असं का केलं असेल, त्यांची काहीतरी अडचण असणार. तू त्यांना एकदम वाईट ठरवू नकोस.

मला येता येणार नाही. रविवारी मोठी टेस्ट आहे आणि मॅडम सोडत नाहीत. फोन आला तर बोलेन. जे आहे तेच बोलेन. तू काळजी करू नकोस.

आरोही

*

नांदूरघाट
९ सप्टेंबर

आरोही,

तू फोन ठेवलास, म्हनून तुला पुढचं दिसलं न्हाई. सांगते.

तुझं पत्र आलं तवा मी दादांना म्हनले, "आता बिनघोर राव्हा. आरोही बोलनार हाय." दादा त्या दिवशी दोन भाकरी जेवले. मी गोठा झाडला. हरण्याची दावन धुऊन ठिवली. एवढी मी येडी.

हरिबाआण्णांनी मोबाईल पारावर ठिवला, आवाज मोठा केला. सारं गाव म्होरं सरकलं. आण्णांनी इचारलं, "पोरी, बिल्ले मारले तवा तू होतीस का?" तू म्हनलीस, "हो." मी दादांच्या हाताला धरलं. आण्णांनी इचारलं, "तुझा बाप तानाजीला काय बोलला?" तू मग म्हनलीस, "दोन्ही बैल आमच्याच गोठ्यात होते." आण्णा म्हनले, "ते न्हाई इचारलं. नाव माझं, बैल तुझाच, आसं म्हनला का न्हाई?"

अन् तू म्हनलीस, "मला नक्की आठवत नाही, आजोबा."

नक्की! हो म्हन, न्हाई म्हन, "नक्की आठवत नाही" हे काय गं? तुझा आवाज मी लहानपनापासून ऐकते. तुला आठवत होतं. आठवत नसतं तर तू आधी इचारलं आसतंस, "तेजू हाय का तिथं? तिला ठावं आसंल."

गहिनीनाथकाका तिथल्या तिथं बाजूला गेले अन् यापाऱ्याला फोन लावला, "गावाचं मिटलं, घेऊन जा." आन् मग, आरोही, ज्याच्याकडं कुनीच बघत न्हवतं ते मानूस उठलं. तुझी आई. बायांच्या मागं बसलीती. डोक्यावरचा पदर सावरला अन् म्हनली, "मला आठवतंय. मी धार काढत होते. ह्यांनी म्हनलंतं, नाव माझं, बैल तुझाच. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलंय." काका वरडले, "छबे, खाली बस!" ती बसली न्हाई. म्हनली, "त्या पोरीनं वासरू बाटलीनं वाढवलं, अन् आपुन त्ये इकून खायाचं?"

आण्णांनी लगेच निकाल दिला. बैल तानाजीचाच. रामहरीमामानं यापाऱ्याला फोन लावला. त्यो म्हनला, "आत्ताच गाडी भरली की, कर्नाटकाकडं गेली. तुमच्याच मानसानं सांगितलं मिटलं म्हनून." मामा टेम्पो घेऊन मांजरसुंब्यापस्तोर गेला. ढाब्यावर ढाब्यावर इचारलं. गाडी सापडली न्हाई.

तुझी आई उठायला जेवढा येळ लागला, तेवढ्यात गेला हरण्या. तू हो म्हनली आसतीस तर तो येळ लागलाच नसता.

दादा काई बोलत न्हाईत. मी बोलतीय. तू मला फसवलंस. काकांनी फसवलं ते दादांना. मला तू.

तेजश्री

*

लातूर
२१ सप्टेंबर

प्रिय तेजू,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. तू रागावशील, पण पूर्ण वाच.

मला आठवत होतं.

बाबा धपाटे घेऊन आले त्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं होतं की पोळा झाला की जोडी विकायची. वर्षभराची फी भरायची होती, आणि एकट्या कंधाऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. जोडीला होतं. मी म्हटलं, हरण्या तेजूचा आहे. बाबा म्हणाले, "नाव माझं हाय. तुला खोटं बोलायला सांगत न्हाई. कुनी इचारलं तर आठवत न्हाई म्हन. एवढं बापासाठी करशील ना?" म्हणूनच मी तुला बिल्ल्याचं विचारलं. तानाजीकाकांनी नाव बदलून घेतलं असतं तर बाबांना जमलंच नसतं. मला वाटलं होतं, तू हो म्हणशील आणि सगळं आपोआप टळेल.

फोनवर मॅडम शेजारी उभ्या होत्या. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता असं वाटत होतं. मी घाबरले. मी खोटं बोलले नाही, तेजू. मी फक्त खरं बोलले नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? माझं सगळं ह्या एका जागेवर आहे.

मी डॉक्टर झाले की पहिला बैल तुझ्या दारात आणून बांधीन. तोवर मी तुला प्रत्येक धडा लिहून पाठवीन, एकही चुकवणार नाही. सोबत कार्बनच्या बंधांच्या नोट्स आहेत.

आईचं काही कळलं का? बाबा फोनवर म्हणाले, ती माहेरी माझ्या मामाकडे गेली आहे. मॅडमच्या फोनवरून मामाला फोन केला तर मामी म्हणाली, इथे नाही. मला फार काळजी वाटते.

एकदा तरी उत्तर दे.

तुझी
आरोही

*

नांदूरघाट
२ ऑक्टोबर

आरोही,

तुझ्या कार्बनच्या नोटा परत पाठवल्यात, पाकिटात हायेत. मला येईल तसं मी शिकीन. सर एवढे काई वाईट न्हाईत. अन् तुझी एक चूक बी त्यांनीच सांगितली. तू लिवलंतंस, बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडती. उलटं हाय. बंध जुळताना बाहेर पडती. तोडायला ऊर्जा घालावी लागती. पेपरात लिवशील म्हनून सांगते.

माझ्या जागी तू आसतीस तर काय केलं आसतंस, म्हनून इचारतीस. तू माझ्या जागी कधी येनारच न्हाईस, मग इचारतीस कशाला? अणूंना वचन नसतं, इच्छा नसती, हे तूच शिकवलंस. त्यांना तोंड बी नसतं. तुला हाय. "खोटं बोलले नाही, फक्त खरं बोलले नाही." किती सफाईनं लिवतीस गं! लातूरला हे बी शिकवतात काय?

पयला बैल दारात बांधीन म्हनतीस. हरण्या काय खुंट्यावरचा सदरा हाय, एक फाटला तर दुसरा आनला? त्यो आता कुनाच्या दावनीला हाय, कुन्या भाषेत त्याला हाक मारतात, त्याला कळती का न्हाई, हे इचार मनात आले की मी भरल्या ताटावरून उठून मोकळ्या गोठ्यात जाते. सगळं कळून, जानून, ठरवून तू हे केलंस. पोळ्याला माझ्या हातानं तुझ्या वाटनीचा रंग लावून घेतलास, अन् तवा तुला ठावं होतं.

तुझी आई मामाकडं न्हाई. आमच्या घरी हाय. पारावरून उठली ती तुमच्या घराकडं वळलीच न्हाई. काका म्हनलेते, "घरी ये, मग बघतो." दादांनी आमच्या आईला सांगितलं, "छबुवैनीला आपल्याकडं घेऊन चल." तवापासून ती अन् आई एकाच चुलीवर भाकरी करतात. काका दोनदा न्यायला आले. गेली न्हाई. तुला कळवू नको म्हनली, पोरीचा अभ्यास इस्कटंल म्हनून. मी कळवतीय. इस्कटू दे.

आता जे लिवते ते नीट वाच.

तुझं पत्र आलं तवा ती अंगनात शेंगा फोडत बसलीती. पाकीट बघून पळत आली. "माझ्या आरूचं हाय का? वाच की गं." तिला वाचता येत न्हाई, तुला ठावं हाय. मी वाचायला लागले. "मला आठवत होतं" आलं अन् माझी जीभ थांबली. तिच्या तोंडाकडं बघितलं. तिचा नवरा, तिचं घर, सगळं सोडून ती बाई एका गोष्टीवर उभी हाय, की तिची लेक खोटं बोललेली न्हाई. रोज म्हनती, "माझी आरू इसरली आसंल. ल्हान हाय, अभ्यासाचा भार हाय. आठवत आसतं तर बोलली आसती, बापाला भिली नसती." 

मी ती वळ गाळली. त्याच्यापुढचं सारं गाळलं. मनानंच रचून वाचलं, आरोही बरी हाय, जेवती, आईची आठवन काढती. ती रडली अन् म्हनली, "बघ, मी म्हनलं न्हवतं?" मी मान डोलावली.

तुझ्यासाठी न्हाई केलं मी हे. तिच्यासाठी केलं. पन झालं काय, तुझं खोटं आता मी बोलते. रोज बोलते, चुलीपुढं बसून, तिच्या हातची भाकरी खाऊन. हरण्या नेलात तुमी, ते मी कसंबी गिळीन. मला तुझ्यासारखं केलंस, हे मला गिळता येत न्हाई.

मला परत पत्र लिवू नको. लिवायचं तर तिला लिव, आमच्याच पत्त्यावर. पारावर जे बोलली न्हाईस ते तिला सांग. मी वाचून दाखवीन, अन् या बारीला एक अक्षर बी गाळनार न्हाई.

तेजश्री